‘जागा आहेस का?’ : संगणकसेवांवरील पहाऱ्याचा इतिहास

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता मराठीतच जमा झाले आहे. रेशन दुकानाच्या ओट्यावर, तलाठी कार्यालयाच्या दारात, बँकेच्या खिडकीपाशी ते कोणीतरी ऐकते आणि मुकाट्याने दुसऱ्या दिवशी परत येते. पूर्वी ‘साहेब बाहेर गेलेत’ हे उत्तर जे काम करीत असे, तेच आता हे वाक्य करते. फरक इतकाच, की साहेब गेले कुठे आणि येणार कधी, हे निदान शिपायाला विचारता येत असे. सर्व्हर किती वेळ बंद होता, महिन्यातून किती वेळा बंद असतो, हे विचारायचे कोणाला, आणि ते मुळात मोजतो कोण?

मोजणारे आहेत. सेवा चालू आहे का आणि विचारलेल्या प्रश्नाला ती किती वेळात उत्तर देते, या दोन गोष्टी मोजण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. पहिलीला उपलब्धता किंवा ‘अपटाइम’ म्हणतात, दुसरीला प्रतिसादवेळ. या मोजणीचा इतिहास संगणकाहून जुना आहे. तो पाहिला, की एक गोष्ट ध्यानात येते : यंत्र जिवंत आहे का, हा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण ‘जिवंत’ कशाला म्हणायचे हे दर वेळी कोणीतरी ठरवलेले असते, आणि त्या ठरवण्यात कोणाची अडचण मोजली जाते व कोणाची नाही, हेही ठरून जाते.

समुद्राखालची नाडी

ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिकच्या तळाशी पहिली तार जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले. म्हणजे तासाला सरासरी सहा शब्द. दोन्ही टोकांच्या तारमास्तरांचा बराचसा वेळ एकमेकांना ‘संकेत कसे येताहेत’, ‘वाचता येते का’, ‘सावकाश पाठवा’ असे विचारण्यातच गेला. ‘जागा आहेस का?’ ही यंत्रामार्फतची विचारणा तेव्हापासूनची.

काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. केबल मुळात सदोष होती. त्यात संकेत क्षीण होताहेत म्हणून कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने दाब वाढवीत नेला, आणि आजारी तारेचा शेवट जवळ आणला. उत्तर येत नाही म्हणून अधिक जोराने विचारावे आणि त्या विचारण्यानेच समोरचा कोसळावा, हा प्रसंग या इतिहासात पुढेही येणार आहे.

१८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने दुसरी केबल यशस्वीपणे टाकली, तेव्हा पद्धत बदललेली होती. विलोबी स्मिथ याने अशी रचना केली, की केबल समुद्रात सोडली जात असताना जहाज आणि किनारा या दोघांनाही तिची अवस्था अखंड तपासता यावी. दोष पडला तर तो त्याच घटकेला कळावा, मैलोन्‌मैल केबल पाण्यात गेल्यावर नव्हे. या तपासणीसाठी मोठा विद्युत्‌रोध असलेला पदार्थ हवा होता, म्हणून सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या. तर त्यांचा रोध उजेडात कमी होतो असे दिसले. प्रकाशाने वीजवहन बदलते हा महत्त्वाचा शोध १८७३ मध्ये जाहीर झाला तो असा, पहारा देता देता.

हेच ‘ग्रेट ईस्टर्न’ १८७० मध्ये मुंबईला आले आणि येथून एडनपर्यंत केबल टाकीत गेले. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्री तारेने जोडले गेले. सतत देखरेखीखाली राहणारी दूरसेवा महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली ती तेव्हा.

कोपनहेगनची रांग

तार चालू आहे की बंद, याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येई. टेलिफोन आल्यावर तिसरी अवस्था आली : यंत्र चालू आहे, पण तुमच्यासाठी मोकळे नाही. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत १९०८ साली आग्नर क्रारूप एर्लांग हा गणिती नोकरीला लागला. फोन येतात ते ठरावीक अंतराने नव्हे, कधी एकदम तर कधी बराच वेळ नाही. मग वाहिन्या किती ठेवाव्यात? १९०९ आणि १९१७ च्या निबंधांतून त्याने याचे गणित मांडले. रांगांचे शास्त्र येथून सुरू झाले, आणि दूरध्वनीच्या वाहतुकीच्या एककाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

या शास्त्रातली एक गोष्ट प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. तिकिटाची एकच खिडकी आहे आणि गिऱ्हाईके अनियमितपणे येतात असे धरा. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर माणसाला प्रत्यक्ष कामाच्या सरासरी दुप्पट वेळ तेथे घालवावा लागतो. ती ९० टक्के वेळ गुंतलेली असेल तर दहापट, आणि ९५ टक्के गुंतली तर वीसपट. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना गर्दी किंचितच वाढते, पण खोळंबा दुप्पट होतो. संकेतस्थळ ‘अचानक’ कोसळले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते अचानक नसते. प्रतिसादवेळ आधीच चढू लागलेली असते. म्हणून जाणता देखरेख करणारा यंत्र बंद पडण्याची वाट पाहत नाही; ते किती रेंगाळते आहे हे पाहतो.

नऊचे आकडे

टेलिफोनवाल्यांनीच विश्वसनीयतेची पहिली मोठी प्रतिज्ञा केली. अमेरिकेच्या बेल कंपनीने १९६५ साली न्यू जर्सीतील सकासुन्ना येथे संगणकाधिष्ठित टेलिफोन एक्स्चेंज सुरू केले. त्याचे उद्दिष्ट होते : ४० वर्षांत बंद राहण्याचा एकूण काळ दोन तासांहून अधिक नसावा. म्हणजे वर्षाला तीन मिनिटे.

पुढे अशी वचने टक्क्यांत सांगण्याची रूढी पडली आणि ‘किती नऊ?’ हा या व्यवसायाचा परवलीचा प्रश्न बनला. ९९ टक्के म्हटले की ऐकणाऱ्याला पहिल्या वर्गाचे गुण वाटतात; पण वर्षाचा हिशेब केला तर ते साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटे आणि ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटे. दर वाढत्या नऊबरोबर बंद राहण्याची सवलत एकदशांश होते, आणि खर्च मात्र चढत जातो. कारण प्रत्येक गोष्टीची जोडी लागते : दोन वीजपुरवठे, दोन वाहिन्या, दोन शहरांतली दोन केंद्रे.

प्रतिसादवेळेची माणसाशी सांगड आयबीएमच्या रॉबर्ट मिलर याने १९६८ च्या निबंधात घातली. संगणकाशी चाललेला संवाद तुटू नये यासाठी उत्तर साधारण दोन सेकंदांत यावे असे त्याचे मत होते. याकोब नीलसनने १९९३ च्या पुस्तकात तीन पायऱ्या रूढ केल्या : एकदशांश सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर माणसाचे लक्ष उडते. संकेतस्थळांचे युग सुरू होण्याच्या बेताला ही मोजपट्टी तयार होती.

पिंग

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधील बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस याला एका जाळ्याचे विचित्र वागणे तपासायचे होते. दूरच्या यंत्राला एक छोटे पाकीट पाठवायचे, त्याने ते जसेच्या तसे परत पाठवायचे, आणि जाऊन येण्याला किती वेळ लागला ते मोजायचे. परत पाठवण्याची ही सोय १९८१ च्या संकेतनियमांत होतीच. मूसने तिचा उपयोग करणारी छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधताना ध्वनिलहर सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने तिला ‘पिंग’ नाव दिले.

हजारभर ओळींची ही आज्ञावली जगभर पसरली. मूसने स्वतःच नोंदवलेला एक किस्सा आहे. जाळ्यातली कुठली तरी जोडणी अधूनमधून सुटत होती. तंत्रज्ञाने पिंगचे उत्तर आले की संगणकाने मोठ्याने ‘पिंग’ म्हणावे अशी व्यवस्था केली, आवाज मोठा केला, आणि इमारतभर फिरून एकेक जोडणी हलवून पाहिली. जिथे आवाज थांबला, तिथे दोष.

पण पिंगचे उत्तर येते याचा अर्थ फक्त यंत्र आणि वाट शाबूत आहे. घराचा दिवा लागलेला आहे म्हणून घरात जेवण शिजते आहे असे होत नाही. संकेतस्थळाची तपासणी करताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर एक तीन आकडी शेरा देतो : २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान सापडले नाही, ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही. यात गोम अशी, की ‘क्षमस्व, नंतर प्रयत्न करा’ असे लिहिलेले पानही २०० या शेऱ्यासह पाठवता येते. पहारेकऱ्याच्या वहीत ‘ठीक’ अशी नोंद होते आणि माणूस हात हलवीत परततो. म्हणून चांगली तपासणी खरे गिऱ्हाईक करील ते सगळे करून पाहते : पान उघडते, नाव भरते, शोध घेते, आणि उत्तरात अपेक्षित मजकूर आहे का हे वाचते.

आलेख आणि वही

१९९४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर काम करीत होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच वाहिनी, आणि ती आज कशी चालली आहे हे सगळ्यांनाच हवे. त्याने दर पाच मिनिटांनी वाहिनीवरची रहदारी मोजून तिचा आलेख पानावर लावणारी ‘एमआरटीजी’ ही आज्ञावली लिहिली व पुढे जगाला फुकट दिली. देखरेख ही तोवर तळघरातल्या तंत्रज्ञाची गोष्ट होती, ती आता सर्वांना दिसणारे चित्र झाली.

१९९९ मध्ये अमेरिकेत ईथन गॅलस्टॅडने ‘नेटसेंट’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली; तिचेच नाव पुढे ‘नॅगिऑस’ झाले. ती ठरावीक वेळाने प्रत्येक सेवेचे दार ठोठावते आणि चारपैकी एक निकाल देते : ठीक, सावध, गंभीर आणि अज्ञात. एकदा उत्तर आले नाही म्हणून ती लगेच हाकाटी करीत नाही. पुन्हा एकदोनदा ठोठावते, मगच माणसाला उठवते. लांडगा आला रे आला असे रोज ओरडणाऱ्या पोराचे काय होते, हे रात्रपाळी करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. खोट्या हाकांनी कंटाळलेला माणूस खऱ्या हाकेलाही कूस बदलून झोपतो.

व्यापाराला याची किंमत कळली ती जून १९९९ मध्ये. ईबे हे लिलावाचे संकेतस्थळ सुमारे २२ तास बंद पडले; कंपनीला विक्रेत्यांचे शुल्क माफ करावे लागले आणि समभागाचा भाव घसरला. कीनोट सिस्टिम्ससारख्या कंपन्या तोवर वेगवेगळ्या शहरांतून संकेतस्थळे उघडून त्यांचा वेग मोजण्याचा व्यवसाय करू लागल्या होत्या. पहारेकरी घराबाहेरचा असावा, हे तत्त्व त्यातून रुजले. कारण आतून पाहणाऱ्याला वाटेतला खड्डा दिसत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला या काळातली आणखी एक गोष्ट खटकेल. ओटिकरनेच १९९९ मध्ये काढलेल्या ‘आरआरडीटूल’ या साठवणपद्धतीत जागा ठरावीक असते. आजची मोजमापे बारकाईने ठेवायची, आणि जुनी होतील तशी त्यांची सरासरी काढून मूळ आकडे पुसून टाकायचे, अशी तिची प्रचलित मांडणी. जागा वाचते, पण गेल्या वर्षीची ती वाईट दहा मिनिटे दिवसाच्या सरासरीत विरघळतात. दप्तर शाबूत राहते आणि तक्रार नाहीशी होते.

सरासरीतून निसटलेला माणूस

या प्रश्नाला स्पष्ट उत्तर ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये ‘डायनामो’ या आपल्या साठवणव्यवस्थेवरील निबंधात दिले. सरासरी प्रतिसादवेळेवर आम्ही समाधान मानत नाही, हजारांतील ९९९ विनंत्यांना ठरलेल्या वेळात उत्तर मिळाले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. कारण व्यवहारी होते. ज्या ग्राहकाने वर्षानुवर्षे खरेदी केली आहे त्याची नोंद मोठी, म्हणून त्याचे पान सावकाश उघडते. सरासरी छान ठेवून आपण सर्वांत जुन्या गिऱ्हाइकालाच ताटकळत ठेवीत असू, हे त्यांच्या ध्यानात आले.

गूगलच्या जेफ्री डीन आणि लुईस बारोसो यांनी २०१३ मध्ये याचे दुसरे अंग दाखवले. एक पान तयार करायला १०० यंत्रांना विचारावे लागते, आणि प्रत्येक यंत्र शंभरातून एकदाच रेंगाळते असे समजा. तरीही १०० पैकी ६३ पाने रेंगाळतील, कारण सगळ्यात मंद उत्तर येईपर्यंत पान पूर्ण होत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्यावे. आयआरसीटीसीने ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे संकेतस्थळावर आणली. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी दहाला उघडते आणि इतर वर्गांचे अकराला. आता केवळ गणित म्हणून समजा, की अशी एखादी सेवा रोज फक्त दहा मिनिटे बंद पडते. दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी १,४३० मिनिटे ती चालू, म्हणजे उपलब्धता ९९.३ टक्के. पण ती दहा मिनिटे दहा ते दहा-दहा ही असतील, तर तत्काळसाठी बसलेल्या माणसाच्या दृष्टीने उपलब्धता शून्य. पहाटे तीनला जागे राहण्याचे गुण दहाच्या परीक्षेत धरायचे का? २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चारला १८ वर्षांवरील सर्वांसाठी ‘कोविन’वर लसनोंदणी उघडली तेव्हा सुरुवातीला अनेकांना हाच अनुभव आला. त्या दिवसअखेर एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली, ही कामगिरी खरीच. पण जे पहिल्या काही मिनिटांत अडले, त्यांच्या लेखी सेवा बंदच होती.

पहारेकऱ्यावर पहारा

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या हातून आज्ञा टंकताना चूक झाली आणि अपेक्षेहून अधिक यंत्रे बंद झाली. ‘एस३’ ही साठवणसेवा कोसळली, तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे अडली. ॲमेझॉनचा सेवास्थिती सांगणारा फलक मात्र बराच वेळ सारे ठीक असल्याचे दाखवीत राहिला. कारण तो फलक बदलण्याची व्यवस्था ‘एस३’वरच अवलंबून होती. ज्या वाड्याची राखण करायची, त्याच वाड्यात जागल्याला कोंडून घेतल्यासारखे हे झाले.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगातून नाहीसे झाले, तेव्हा याच्या उलट घडले. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांना शिकवलेले होते, की मुख्य केंद्राशी संपर्क होत नसेल तर आपण आजारी आहोत असे समजून बाजूला व्हावे. सगळ्यांनी ही आज्ञा इमानाने पाळली, आणि सगळेच बाजूला झाले. पहारा चोख होता. पण गावातले सगळेच एकाच वेळी आजारी पडले तर काय, याचा विचार त्यात नव्हता.

गूगलमध्ये २००३ पासून बेन ट्रेनर स्लॉस यांच्या पुढाकाराने ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ ही शाखा आकाराला आली. तिने वेगळा विचार मांडला. शंभर टक्के हे उद्दिष्टच चूक. किती बंद चालेल हे आधी ठरवा आणि तेवढी सवलत खर्चायची रक्कम समजा. ‘चबी’ ही तिथली एक सेवा इतकी क्वचित बंद पडे, की तिच्यावर विसंबलेल्यांनी ती बंद पडू शकते हेच विसरून टाकले. तेव्हा गूगलने ती अधूनमधून मुद्दाम बंद ठेवायला सुरुवात केली.

विचारणेच जड झाले तेव्हा

मुंबई हे देशाच्या पैशाच्या वाहिन्यांचे केंद्र, म्हणून भारतातला हा प्रश्न मुंबईत येऊन ठेपतो. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने वारंवार खंडित झालेल्या डिजिटल सेवांमुळे एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवायला सांगितले. हे निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० पासून थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. सेवेचा अखंडपणा ही बँकेची खासगी बाब राहिलेली नाही, असे नियामकाने कृतीने सांगितले.

यूपीआयची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत मार्च २०२५ मध्ये एका महिन्यात सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले. भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या गल्ल्याची चावी आता तिच्याकडे. १२ एप्रिल २०२५ रोजी ती अडखळली. राष्ट्रीय देयक महामंडळाने म्हणजे एनपीसीआयने कारण शोधले, तर निघाले असे : काही बँकांच्या यंत्रणा ‘व्यवहार पूर्ण झाला का?’ ही विचारणा पुन्हा पुन्हा करीत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांचीही. त्या विचारण्याच्या ओझ्याखाली व्यवस्था दबली. यानंतर विचारणांवर मर्यादा आल्या. पैसे देण्याच्या उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणि स्थिती सांगण्याची १० वर आणली गेली. ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येऊ लागली. १८५८ च्या व्हाइटहाउसने नेमके हेच केले होते.

उत्तर आले नाही तर थोडे थांबावे, पुन्हा नाही आले तर दुप्पट थांबावे, हा संगणकजाळ्यांचा जुना शिष्टाचार आहे. तो पाळला नाही, तर आजाऱ्याची विचारपूस करायला आलेल्यांच्या गर्दीनेच आजारी दगावतो.

आकडा कोणाच्या वहीत

एनपीसीआय दर महिन्याला कोणत्या बँकेमुळे किती टक्के व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, याची बँकवार यादी जाहीर करते. ही साधी गोष्ट मोलाची आहे. फसलेला व्यवहार त्यामुळे एखाद्याचे दुर्दैव राहत नाही, त्याची नोंद होते, आणि नोंद झाली की कोणाला तरी जाब विचारता येतो.

महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. दाखला, उतारा किती दिवसांत द्यायचा याची मुदत त्याने बांधून दिली. हे एका अर्थी राज्याने नागरिकाला दिलेले प्रतिसादवेळेचेच वचन आहे. दाखला देण्याचे काम आता सर्व्हरवर आहे, तेव्हा त्या वचनात सर्व्हरचा हिशेबही आला पाहिजे. गेल्या महिन्यात ही सेवा कचेरीच्या वेळेत किती मिनिटे बंद होती, अर्ज भरायला लागणारा वेळ शंभरातल्या शेवटच्या पाचांना किती लागला, हे दोन आकडे सेतू केंद्राच्या फलकावर लावायला फार खर्च येणार नाही. मोजण्याची साधने चाळीस वर्षांपासून तयार आहेत, पुष्कळशी फुकट आहेत. मोजणी मात्र पहाटे तीनची धरू नये, आणि ती त्या रांगेत उभे राहून केलेली असावी.